सागवान नव्हे, जळाऊ

सिव्हिल लाइन्स, जबलपूर
रविवार, दुपार

प्रिय अण्णा,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तुम्ही हे पत्र न फोडताच आईच्या हातात द्याल आणि "काय लिहिलंय बघ" म्हणून वखारीत जाऊन बसाल, हे मला इथूनच दिसतंय. म्हणून आईला कालच फोनवर बजावलं आहे की या वेळी तिनं वाचून दाखवायचं नाही. चष्मा तुमचा तुम्ही लावा. पत्र लांबलचक आहे, पण त्यात बरंचसं लाकडांबद्दल आहे, तेव्हा तुम्हाला कंटाळा येणार नाही. थोडं तुमच्या-माझ्याबद्दल आहे. येत्या माघात माझ्या लग्नाला चार वर्षं होतील. या चार वर्षांत आई माझ्याकडे तीनदा राहून गेली, तुम्ही एकदाही आला नाहीत. एकदा पावभट्टीवाल्यांची घाई होती, एकदा पाठ धरली होती, एकदा वखार बघायला कोणी नव्हतं. तुम्ही सांगितलंत म्हणजे ते सगळं खरंच असणार. पण त्यामागचं कारण आपल्या दोघांनाही ठाऊक आहे आणि ते आजवर दोघांनीही तोंडाबाहेर काढलेलं नाही. आज मी काढणार आहे. आधी लाकडांचं सांगते, कारण घडलं तेही त्याच क्रमानं.

ऑक्टोबरात बदलीवर इथे आले तेव्हा जबलपूरची थंडी काय असते याची मला काहीच कल्पना नव्हती. आपल्या कराडात एक शाल काढली की हिवाळा भागतो. इथे डिसेंबर लागला आणि सकाळी आंघोळीचं पाणी काढताना बादलीची कडीसुद्धा हाताला चावायला लागली. बँकेनं भाड्यानं घेऊन दिलेलं घर म्हणजे जुन्या बंगल्याचा पुढचा अर्धा भाग. छत इतकं उंच की पंख्याला चार हात लांब दांडा लावावा लागलाय. विपुलचं काम लॅपटॉपवरचं, तो दोन स्वेटर घालून पांघरुणात बसतो. माझं दिवसभर शाखेत निघून जातं. हाल होत होते ते सासूबाईंचे. संधिवातानं त्यांची बोटं सकाळी मिटत नाहीत आणि मिटली तर उघडत नाहीत. विजेचा हीटर लावला की या घरातली जुनी तारजोडणी दहा मिनिटांत मान टाकते. त्यांनी एक दिवस विपुलला सांगून टाकलं की मला ठाण्याला परत पोचव, तिथे कुलूप उघडून एकटी राहीन. विपुलचं तोंड उतरलं. मलाही वाईट वाटलं, कारण त्या माझ्याशी कधी वाईट वागलेल्या नाहीत.

तर आमच्या बैठकीत एक बुखारी आहे. म्हणजे लोखंडी पत्र्याचं कंबरेएवढं पिंप, खाली राखेचं दार, वर जळण टाकायचं झाकण, आणि मागून निघालेला धुराचा पाइप भिंतीतून बाहेर. आधीचे भाडेकरू सैन्यात होते, त्यांनी बदली झाल्यावर ती इथेच ठेवली. घरमालकीण शरयूकाकू मागच्या अर्ध्या भागात राहतात. त्यांचे यजमान इथल्या फॅक्टरीत होते, तीन पिढ्यांपासूनची जबलपूरकर मंडळी. त्यांनी पाइप झाडून दिला आणि म्हणाल्या, पेटव बिनधास्त. प्रश्न एवढाच उरला की पेटवायची कशानं. आणि इथे, अण्णा, तुमच्या मुलीनं जे काय दिवे लावले ते ऐकाच.

शाखेतल्या एकानं सांगितलं, दगडी कोळसा घ्या, एकदा पेटला की रात्रभर बघायला नको. मी दोन पोती आणवली. पहिल्याच संध्याकाळी घरात असा काही वास कोंडला की सासूबाई खोकून खोकून अंगणात जाऊन बसल्या, म्हणजे ज्या थंडीतून त्यांना वाचवायचं तिथेच. शिवाय बुखारीचा पत्रा एका बाजूनं लाल व्हायला लागला. कोळसा उगाळावा तितका काळाच, म्हणत मी ती पोती शरयूकाकूंच्या अंगणातल्या शेगडीला देऊन टाकली. मग लाकडी कोळशाचं कोणीतरी सुचवलं, धूर नाही, वास नाही. पण तुम्ही कोळशाचं पोतं विकताना प्रत्येक गिऱ्हाइकाला जे ऐकवायचात ते माझ्या कानात बसलेलं आहे, की दार-खिडकी लावून याची शेगडी जवळ घ्याल तर सकाळ बघणार नाही, हा धूर न दाखवता मारतो. ते मी घरात येऊच दिलं नाही. इथल्याच गोरखपूर नावाच्या भागातल्या बाजारात लाकडाच्या भुशाचे दाबून केलेले गट्टे मिळतात, तेही आणून बघितले. पेटतात झकास, पण तासाभरात राख, आणि उरलेले गट्टे दवानं फुगून पुन्हा भुसा झाले. शेवटी यायचं तिथेच आले. लाकूड.

इथे वखारीला टाल म्हणतात. गावातच घमापूर भागात विक्की नावाच्या माणसाची मोठी टाल आहे. मी शनिवारी गेले, ऑफिसचे कपडे, खांद्याला पर्स, आणि अगदी मॅडमसारखं सांगितलं की चांगली लाकडं द्या. त्यानं दिली. तीन क्विंटल, टेम्पोत भरून, वर हसून नमस्कार. घरी आणून पेटवली तर टोकांतून फेस यायला लागला. बुखारी सुसकारे टाकत राहिली, आणि दुसऱ्या दिवशी पाइपाच्या सांध्यातून काळा चिकट रस टपकून सासूबाईंच्या पांढऱ्या उशीवर पडला. शरयूकाकू बघायला आल्या, धुराकडे मान वर करून म्हणाल्या, "अगं, काहून एवढं ओलं लाकूड घेऊन आली? ते जळत नाहीये, रडून राहिलं आहे." मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. जिच्या बापानं जन्मात ओलं लाकूड काट्यावर चढवलं नाही, पाणी विकायचं असतं तर दूधवाला झालो असतो म्हणणारा बाप, त्याच्या मुलीनं तीन क्विंटल पाणी विकत घेतलं!

पुढच्या शनिवारी मी जुना सलवार-कुडता घालून पुन्हा गेले. या वेळी विक्कीला काही मागितलंच नाही, सरळ थप्प्यांमागे शिरले. मागच्या भिंतीला लागून वर्षाभराचा जुना माल असतो हे काय मला कोणी सांगायला हवं? दोन दोन ओंडके घेऊन एकमेकांवर आपटत गेले. ठप्प वाजलं की बाजूला, खणकन वाजलं की पायाशी. टोकाला उन्हानं चिरा गेल्यात का बघितलं, साल नखानं सुटते का बघितलं, हातात तोलून बघितलं. धावडा लगेच ओळखता आला. मग एका थप्पीशी थबकले. मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगाळलेली साल. इथे त्याला साजा म्हणतात, पण ते आपलं ऐन होतं, अण्णा. पाटणच्या डेपोतून तुम्ही ट्रक भरून आणायचात आणि मला वर बसवायचात, तेच. मी त्या सालीवर हात ठेवून उभी राहिले आणि मला तुमची इतकी आठवण आली की डोळे भरले. विक्की हे सगळं कंबरेवर हात ठेवून बघत होता. जवळ येऊन म्हणाला, "दीदी, आप बैंकवाली नहीं हो. लकड़ीवालों के घर की हो."

तुम्हाला सांगते, मी पटकन नाही म्हणणार होते. जिभेवर आलेलंही होतं. पण म्हणाले, "हाँ. पिताजी की टाल है, जलाऊ लकड़ी की." एवढं सोपं वाक्य, आणि ते मी आयुष्यात पहिल्यांदा परक्या माणसासमोर उच्चारत होते. विक्कीला त्यात काही विशेष वाटलं नाही. त्यानं चहा मागवला, मागच्या ओल्या मालाबद्दल कान पकडले, आणि धावडा आणि साजा अर्धा-अर्धा, सगळा वाळलेला, स्वतः निवडून भरून दिला. परतताना मी टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसले होते आणि उगाचच हसत होते.

आता खरी गोष्ट सुरू होते. आमच्याकडे सकाळी स्वयंपाकाला फगनीबाई येते. मंडल्याकडची गोंड बाई, कामाला वाघ, बोलणं मोजकं. बुखारी सकाळी तीच पेटवते. चार दिवस घर मस्त उबदार होतं. पाचव्या दिवशी मी कामावरून आले तर बैठक गार आणि सासूबाई दोन शालींत गुरफटून बसलेल्या. लाकडं संपली म्हणाल्या. बघते तर अर्धी थप्पी जशीच्या तशी. फगनीबाईनं फक्त धावडा वापरला होता, साजाला हातही लावलेला नव्हता. सकाळी सासूबाईंनी तिला फैलावर घेतलं. वाईट नाहीत हो त्या, पण बोटं दुखत असली की माणसाचा आवाज चढतोच. फगनीबाईनं पदराला हात पुसले. मग म्हणाली, "माँजी, साजा में हमारे बड़ादेव रहते हैं. हमारे घर में इसे नहीं जलाते. आप जलाओ, मैं मना नहीं करती. मुझसे नहीं होगा."

सासूबाई म्हणाल्या, लाकूड ते लाकूड, जळायलाच तर आणलंय, आम्ही कोणाचा देव जाळायला निघालो नाही. फगनीबाईचा चेहरा इतकासा झाला. आणि माझ्या तोंडून काही विचार न करता निघून गेलं, की आई, असं नसतं. आमच्या वखारीत रस्त्याच्या रुंदीकरणातली तोडलेली झाडं ठेकेदारानं आणून टाकली होती, त्यात वड, पिंपळ आणि एक भलामोठा औदुंबर होता. माझ्या वडिलांनी ती तीनही मागच्या भिंतीशी ठेवली, कधी फोडली नाहीत, विकली नाहीत. पावसाळ्यात त्यांच्यावर अळंब्या उगवल्या, लोक हसले, जागा अडली म्हणून माझी आई चिडली. अण्णा म्हणायचे, ज्याच्यापुढे हात जोडतो त्याला काट्यावर चढवायचं नाही. सासूबाई म्हणाल्या, "कुठल्या वखारीत?"

बोलून चुकले होते, अण्णा. आणि गंमत म्हणजे मला भीती वाटली नाही. मी त्यांच्यासमोर वेताचा मोढा ओढून बसले आणि सगळं सांगितलं. लग्नाच्या वेबसाइटवर वडिलांच्या व्यवसायापुढे 'टिंबर मर्चंट' असं मी माझ्या हातानं टाइप केलं होतं. आमच्या वखारीत सागवानाची फळी कधी आलीच नाही. आमचं जळाऊ लाकूड, पावभट्ट्यांना, लग्नाच्या आचाऱ्यांना, आणि घाटावरच्या स्मशानाला. सहावीत डबा खाताना मुली माझ्यापासून सरकून बसायच्या, मढ्याच्या लाकडांच्या पैशाची पोळी म्हणायच्या, हेही सांगितलं. हे तुम्हालासुद्धा ठाऊक नाही. तेव्हा मी घरी येऊन पोट दुखतंय म्हणायचे आणि तुम्ही ओवा द्यायचात. विपुलला मी लग्नानंतर वर्षभरात सांगितलं होतं. तो म्हणाला, मग काय झालं, पण सासूबाईंना सांगायचं धाडस दोघांतल्या एकालाही झालं नाही.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि त्या उठून आपल्या खोलीत गेल्या. दुसऱ्या दिवशी रविवार होता. दुपारी मी मटार सोलत बसले होते, इथला मटार इतका गोड की निम्मा सोलतानाच संपतो. त्या समोर येऊन बसल्या आणि दुखऱ्या बोटांनी एकेक शेंग सोलायला लागल्या. मग म्हणाल्या, "मला सागवानी झोपाळा करायचा होता. चार दिवाळ्या मी तुझ्या वडिलांना फोनवर भाव विचारते आहे. दर वेळी ते म्हणतात, सध्या चढलेत, थोडं थांबा. म्हणजे माझ्यामुळे त्या माणसाला दर दिवाळीला खोटं बोलावं लागलं." मी म्हणाले, तुमच्यामुळे नाही, माझ्यामुळे. त्या म्हणाल्या, "हो. तुझ्याचमुळे. वखारीची लाज वाटली याचा मला राग नाही, तू लहान होतीस. पण देवाचं लाकूड न विकणाऱ्या माणसाकडून तू हे करवून घेतलंस." मग उरलेल्या शेंगा माझ्याकडे सरकवून त्या उठल्या. अण्णा, मला आजवर कोणी इतकं खरं बोललेलं नाही.

विक्कीनं साजा परत घेतला आणि धावडा-बाभूळ दिलं. थोडी कुरकुर केली, पण फगनीबाईचं कारण ऐकल्यावर स्वतःच ओंडके उतरवून घेतले. आता सकाळी फगनीबाई खाली पातळ ढलप्या, वर धावड्याचा एक जाड ओंडका अशी बुखारी लावते, आणि दुपारपर्यंत खोली अशी छान राहते की शरयूकाकू आपलं विणकाम घेऊन आमच्याकडेच येऊन बसतात. सासूबाईंची बोटं मोकळी झालीत, त्यांनीही सुया हातात घेतल्यात. ठाण्याचं नाव काढलेलं नाही. काल मी आत चहा करत होते तर बाहेर त्या शरयूकाकूंना ऐटीत सांगत होत्या, की हिच्या वडिलांची जळाऊ लाकडांची वखार आहे, ही नुसती वाजवून लाकूड ओळखते. शरयूकाकू मला हाक मारून म्हणाल्या, मग आधी काहून नाही सांगितलं गं, मी उगाच तुला अक्कल शिकवून राहिली होती. मी चहा घेऊन बाहेर आले आणि आम्ही तिघी हसलो. मी फार सुखात आहे, अण्णा. खरंच.

आता शेवटचं. साखरपुड्याच्या दिवशी विपुलच्या उल्हासकाकांनी चारचौघांत तुम्हाला विचारलं होतं, काय म्हणतोय सागवानाचा भाव. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी ताटाकडे बघितलं. तुम्ही म्हणालात, "चढलाय सध्या." सगळ्यांनी माना डोलावल्या. मग तुम्ही उठून हॉलच्या मागे गेलात. मी साडी सावरायच्या निमित्तानं तुमच्या मागे आले होते. तिथल्या नळाखाली ओंजळ धरून तुम्ही चूळ भरत होतात. एकदा, दोनदा, तीनदा. लहानपणी मी खोटं बोलले की तुम्ही मारायचा नाहीत, ओरडायचा नाहीत, फक्त परसात नेऊन तीन चुळा भरायला लावायचात. नवा सदरा भिजला होता तुमचा. मी दारातून ते पाहिलं, तुम्हाला हाक न मारता परत आत गेले आणि फोटोसाठी हसले. तो फोटो तुमच्या भिंतीवर आहे. एवढंच सांगायला हे पत्र लिहायला घेतलं होतं, लाकडांचं काय, मी फोनवरही सांगितलं असतं. माझं चुकलं, अण्णा. इथे आता तुम्हाला कोणीही काहीही विचारलं तरी खरं उत्तर द्यायला हरकत नाही. थंडी अजून महिनाभर आहे. या.

तुमचीच,
वखारीतली स्वानंदी